पाइप न कापता आतले मोजायचे कसे?

1173 आणि 1332. अणुवीज केंद्रातल्या पाइपांची तपासणी करणाऱ्यांना हे दोन आकडे तोंडपाठ असतात. कोबाल्ट-60 मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची ही ऊर्जा, किलोइलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये. झडपांच्या कठीण मिश्रधातूतला साधा कोबाल्ट झिजतो, पाण्याबरोबर अणुभट्टीच्या गाभ्यात जातो, न्यूट्रॉन शोषून किरणोत्सारी होतो आणि पुढे पाइपच्या आतल्या गंजाच्या थरात ठाण मांडतो.

पाइप कापून तुकडा प्रयोगशाळेत नेता येतो, पण त्याची किंमत कापणारा मोजतो. 1 गिगाबेकरेल कोबाल्ट-60 च्या लहानशा साठ्यापासून एक मीटरवर ताशी सुमारे 0.35 मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. कामगारांसाठी भारतातली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आहे. ती तिथे 57 तासांत संपेल. अर्ध्या मीटरवर अवघ्या 14 तासांत.

म्हणून मोजणी बाहेरून होते. पाइपवर शिशाच्या कवचातला शोधक रोखायचा आणि ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखायचे. इथे शोधक कोणता, हे फार महत्त्वाचे. सिझियम-137 ची रेषा 662 वर आणि चांदी-110एम ची 658 वर. सिझियम दिसले तर इंधननळीला गळती असल्याचा संशय घ्यावा लागतो. चांदी मात्र नियंत्रक दांड्यांतूनही येऊ शकते. सोडियम आयोडाइडच्या शोधकात या भागातली रेषा सुमारे 46 एककांइतकी पसरते, त्यामुळे दोन्ही एकच दिसतात. जर्मेनियमचा शोधक दोनहून कमी एककांत त्या वेगळ्या दाखवतो. मात्र त्याला थंड ठेवावे लागते, बहुधा उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनने.

खरी कसोटी पुढे आहे. 2 सेंटिमीटर जाड पोलादी भिंतीतून सरळ जाताना 1332 चे 100 पैकी सुमारे 44 किरण न विखुरता बाहेर येतात, 1173 चे 42, आणि सिझियमचे फक्त 31. भिंतीचा हिशेब सोडला तर सिझियम प्रत्यक्षाहून कमी भरते. आडव्या पाइपच्या तळाशी गाळ असेल तर वरून घेतलेले मोजमापही फसवते; वरून, खालून, बाजूने, असे तिन्हीकडून मोजायलाच हवे.

म्हणून प्रत्येक तपासणी अहवालात बेकरेलच्या आकड्याशेजारी भिंतीची जाडी, शोधकाचे अंतर आणि त्याची दिशा लिहिलेली असावी. ती नसेल, तर तो आकडा स्वीकारू नये.