पक्षाघात आणि ताठरलेल्या तांबड्या पेशी
तांबड्या रक्तपेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर. मेंदूतल्या कित्येक केशवाहिन्या त्याहून अरुंद. तरीही पेशी दुमडून, लांबट होऊन पार जाते, कारण तिला केंद्रक नसते आणि पटल लवचिक असते. गुठळीमुळे पक्षाघात झालेल्या अनेक रुग्णांत ही लवचिकता घटलेली आढळते. त्यातच रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढले की पेशी एकमेकींना चिकटतात, रक्त संथावते. मोठी धमनी मोकळी केली तरी केशवाहिन्यांत रक्त पोचेलच असे नाही. उपचारातली एक अडचण इथेच आहे.

विदर्भ आणि नंदुरबारमध्ये आढळणाऱ्या सिकलसेल आजारात तर ऑक्सिजन सुटल्यावर पेशी विळ्यासारखी वाकून ताठरते. हा आजार असलेल्या मुलांच्या मेंदूतील रक्तवेग डॉप्लर या ध्वनिलहरींच्या तपासणीने पाहायलाच हवा. तो सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक भरला, तर नियमित रक्त देऊन पक्षाघाताचा धोका खूप कमी करता येतो.