जनावरांचे द्रवरूप खनिज पूरक : साठवण व हाताळणी

वर्धा जिल्ह्यातील शेतीत कापूस, तूर, सोयाबीन व हरभरा या पिकांइतकेच गुरांनाही महत्त्व आहे. आर्वी, कारंजा व आष्टी या तालुक्यांच्या डोंगराळ पट्ट्यात नंदगवळी समाजाने जोपासलेली गवळाऊ जात हे या जिल्ह्याचे भूषण होय. १९४१ साली जमनालाल बजाज यांनी गोसेवा संघाचे कार्य वर्ध्यातूनच सुरू केले. अलीकडे गावोगावी संकरित गाई व म्हशी वाढल्या असून दुधाच्या जोडधंद्यावर अनेक कुटुंबांचा घरखर्च चालतो.

या जनावरांचा आहार बहुतांशी कडबा, कुटार, सरकीची ढेप व चुन्नी यांवर अवलंबून असतो. धान्यपिकांच्या वाळलेल्या वैरणीत स्फुरद कमी असते. शेंगवर्गीय पिकांच्या कुटारात कॅल्शियम बरे असले तरी स्फुरद अपुरेच पडते. ही उणीव दीर्घकाळ राहिल्यास जनावर माती चाटते, चिंध्या व हाडे चघळते, वेळेवर माजावर येत नाही आणि दूधही कमी देते. याकरिता भुकटीच्या रूपातील खनिज मिश्रणाबरोबरच बाटलीत वा डब्यात मिळणारे द्रवरूप पूरकही आता सर्रास वापरले जाते. ते उपयुक्त आहे. परंतु निष्काळजीपणे साठविल्यास ते निकामी होते व चुकीच्या रीतीने पाजल्यास जनावराचा प्राणही घेऊ शकते. यास्तव त्याविषयीची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांस व पशुपालकांस असणे अगत्याचे आहे.

द्रवात काय असते?

अशा पूरकात मुख्यत्वे कॅल्शियम व स्फुरद यांचे क्षार असतात. त्यांच्या जोडीला जीवनसत्त्व ड-३ व ब-१२ आणि काही प्रकारांत तांबे, जस्त, कोबाल्ट, आयोडीन यांसारखी सूक्ष्म खनिजे घातलेली असतात. कॅल्शियमचे काही क्षार पाण्यात पूर्णपणे विरघळत नाहीत. ते बारीक कणांच्या रूपाने द्रवात तरंगत राहतात व डबा स्थिर ठेवला की हळूहळू तळाशी बसतात. डबा न हलविता ओतल्यास आरंभी नुसते पातळ पाणी जनावराच्या पोटात जाते आणि शेवटी दाट गाळ जातो. म्हणजे पहिले पंधरा दिवस खर्च व्यर्थ जातो व पुढील पंधरा दिवस मात्रा अधिक होते. म्हणून प्रत्येक वेळी डबा चांगला हलवूनच द्रव मोजावा.

उन्हाळा व साठवण

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. पत्र्याच्या छपराखाली उष्णता याहूनही अधिक असते. खनिजे उष्णतेने नष्ट होत नाहीत, परंतु जीवनसत्त्वांची गोष्ट निराळी आहे. जीवनसत्त्व ड-३ हे उष्णता, प्रकाश व हवा यांमुळे क्षीण होते आणि ब-१२ प्रकाशाने खराब होते. त्यामुळे उन्हात राहिलेल्या डब्याच्या लेबलावर मुदत शिल्लक दिसली तरी आतील द्रवाचा गुण उतरलेला असू शकतो.

साठवणीसाठी कवेलूच्या किंवा जाड मातीच्या भिंतींच्या घरातील थंड, कोरडी व अंधारी खोली उत्तम. डबा जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावा. गोठ्यात मोकळा डबा कदापि ठेवू नये. अनेक पूरकांना गूळ वा मळीची गोडी असते. सुटलेले जनावर वासाने तेथे जाऊन डबा उलटवते व महिन्याची मात्रा एका दमात पिऊन टाकते. लहान मुलांनाही गोड द्रवाचा मोह पडतो. सबब खोलीस कडी-कुलूप असावे.

डबा उघडल्याची तारीख त्यावर लिहून ठेवावी व लेबलावर सांगितलेल्या अवधीत तो संपवावा. उरलेला द्रव मोजपात्रातून पुन्हा डब्यात ओतू नये, कारण त्याबरोबर लाळ, माती व जंतू आत जातात. डबा फुगणे, आंबूस वास येणे, वर बुरशी धरणे किंवा हलवूनही न फुटणाऱ्या गाठी होणे ही द्रव बिघडल्याची लक्षणे होत. असा द्रव पाजू नये.

भांडे कोणते वापरावे?

स्फुरदयुक्त पूरके पुष्कळदा आम्लधर्मी असतात. ती लोखंडी, पितळी वा तांब्याच्या भांड्यात ठेवल्यास भांडे खाल्ले जाते आणि धातू द्रवात उतरतो. म्हणून मूळ प्लॅस्टिकचा डबाच वापरावा.

गावातील दूध उत्पादक एकत्र येऊन मोठा डबा खरेदी करतात व आपसात वाटून घेतात. यात बचत होते हे खरे, परंतु खरा धोकाही येथेच सुरू होतो. वाटलेला द्रव शीतपेयाच्या किंवा कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटलीत भरला जातो आणि लेबल मूळ डब्यावरच राहते. कापसाच्या पट्ट्यात फवारणीचे औषध घरोघरी असते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना सर्वांच्या स्मरणात आहे. कीटकनाशकाची बाटली कितीही धुतली तरी ती अन्न, पाणी वा जनावरांचे औषध यांकरिता योग्य नव्हे. तद्वतच, खनिज पूरक व कीटकनाशक एकाच फळीवर ठेवल्यास अंधारात चुकीची बाटली हाती येऊ शकते. वाटप करताना मोठा डबा ढवळून घ्यावा, नवी व स्वच्छ बाटली वापरावी आणि प्रत्येक बाटलीवर पूरकाचे नाव, मात्रा, उत्पादन क्रमांक, अंतिम मुदत व कोणत्या जनावरासाठी आहे हे मराठीत लिहून चिकटवावे.

गाईचे पूरक मेंढीस नको

‘जे गाईला चालते ते मेंढीला चालेल’ हा समज घातक आहे. गाईंच्या पूरकातील तांब्याचे प्रमाण मेंढीस सोसत नाही. जादा तांबे तिच्या यकृतात साठत जाते. कित्येक आठवडे वा महिने बाहेरून काहीच दिसत नाही. पुढे ते एकाएकी रक्तात उतरते, तांबड्या पेशी फुटतात, लघवी लालसर-काळी होते, डोळे पिवळे पडतात आणि थोड्याच दिवसांत मेंढी मरते. त्या वेळी कारण शोधणाऱ्याला महिन्यापूर्वीचा डबा आठवतही नाही. म्हणून मेंढ्यांना केवळ मेंढ्यांसाठी बनविलेले पूरकच द्यावे. वासरांची मात्राही मोठ्या जनावरांहून कमी असते. ती लेबल पाहून ठरवावी.

पाजण्याची रीत

शक्य असेल तेथे द्रव आंबोणात मिसळून देणे सर्वांत सुरक्षित. पाजावयाचेच झाल्यास पुढील गोष्टी पाळाव्यात.

(१) जनावर उभे व शांत असावे. मान फार वर ताणू नये. नाकपुडी डोळ्यांच्या पातळीच्या वर जाऊ देऊ नये.
(२) जीभ ओढून धरू नये. जीभ धरली की जनावरास गिळता येत नाही.
(३) तोंडाच्या कडेने थोडा थोडा द्रव ओतावा व प्रत्येक घोट गिळू द्यावा.
(४) ठसका लागताच हात थांबवावा व डोके खाली सोडावे.

घाईने ओतलेला द्रव श्वासनलिकेत जातो व फुप्फुसाचा दाह होतो. हा आजार बरा होणे कठीण असते.

व्यालेली गाय खाली बसल्यास

या विषयातील सर्वांत महत्त्वाची सूचना येथे आहे. दहा लिटर चिकाबरोबर वीस ग्रॅमहून अधिक कॅल्शियम गाईच्या शरीरातून निघून जाते. तिच्या रक्तद्रवात मात्र एका वेळी सुमारे तीन ग्रॅमच कॅल्शियम असते. ही तूट हाडांतून व आहारातून तत्काळ भरून निघाली नाही तर दुग्धज्वर होतो. तो बहुधा विल्यानंतर पहिल्या तीन दिवसांत होतो आणि भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईंत व म्हशींत अधिक आढळतो. नावात ज्वर असला तरी कान व अंग गार पडते, गाय बसून राहते व मान वळवून कुशीवर टाकते.

अशा वेळी घरात कॅल्शियमची बाटली असते आणि ती पाजण्याचा मोह स्वाभाविकपणे होतो. परंतु या अवस्थेत गाईची गिळण्याची शक्ती मंदावलेली असते. पाजलेला द्रव फुप्फुसात जातो आणि जी गाय शिरेतून दिलेल्या कॅल्शियमने काही तासांत उठून उभी राहिली असती ती हातची जाते. म्हणून बसलेल्या गाईस तोंडाने काहीही पाजू नये. तिला छातीच्या आधारावर बसती ठेवावी, दोन्ही बाजूंस कुटाराची पोती लावावीत व पशुवैद्यकास विनाविलंब बोलवावे. शिरेतील कॅल्शियम हृदयाचे ठोके पाहत सावकाश द्यावे लागते. ते काम पशुवैद्यकाचेच होय.

याच कारणास्तव गाभण गाईस विण्यापूर्वीच्या शेवटच्या आठवड्यांत आपल्या मनाने कॅल्शियम देऊ नये. त्या काळात आहारातून ते मुबलक मिळाल्यास हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची सवय मंदावते व विल्यानंतर दुग्धज्वराचा संभव वाढतो.

अपघात घडल्यास

द्रव डोळ्यांत उडाल्यास स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा. त्वचेवर सांडल्यास साबण-पाण्याने धुवावे. मुलाने तो प्यायल्यास ओकारी काढण्याचा प्रयत्न न करता मुलास डब्यासह दवाखान्यात न्यावे. जनावराने जादा द्रव प्यायल्यास लेबल दाखवून पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. रिकामा डबा तीन वेळा धुऊन, छिद्र पाडून निकामी करावा. तो विहीर, नाला वा चराईच्या जागी टाकू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावभेटीत द्रव ठेवलेली जागा स्वतः पाहावी, बाटल्यांवरील लेबले तपासावीत आणि बसलेल्या गाईस न पाजण्याची सूचना घरातील स्त्रियांपर्यंत अवश्य पोहोचवावी, कारण गोठ्याची देखभाल बहुधा त्यांच्याच हाती असते. योग्य जागी ठेवलेले, योग्य जनावरास व योग्य मात्रेत दिलेले पूरकच दुधाच्या रूपाने आपली किंमत परत करते.