पोरींना अर्धंच अंतर का? शंभर किलोमीटरच्या शर्यतींचे आकडे वेगळंच सांगतात

परभणी : पोलीस भरतीची जाहिरात निघाली की जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा, कुठल्याही रस्त्यावर पहाटे पाचला पळणारी पोरं-पोरी दिसतात. पोरं १६०० मीटरची तयारी करतात, पोरी ८०० मीटरची. वनरक्षक भरतीत पोरांना ५ किलोमीटर, पोरींना ३ किलोमीटर. हे इतकं अंगवळणी पडलंय, की बाईचं शरीर पुरुषाच्या निम्मंच पळू शकतं असा समज गावोगावी पक्का झालाय.

दुसरीकडे मोबाईलवर एक वेगळाच फॉरवर्ड फिरतो. अंतर जितकं लांब तितक्या बायका पुरुषांच्या पुढं जातात, तीनशे किलोमीटरनंतर तर बाईच जिंकते, असं त्यात लिहिलेलं असतं. सोबत डोंगरात पळणाऱ्या एखाद्या विदेशी बाईचा फोटो.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. खरं काय, हे शर्यतींच्या निकालातच सापडतं.

आधी आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात करू. परभणीच्या ज्योती गवते यांचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असेल. २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या पहिल्या आल्या. वेळ २ तास ५० मिनिटं ५३ सेकंद. त्याच दिवशी भारतीय पुरुषांत पहिल्या आलेल्या खेता राम यांची वेळ २ तास १९ मिनिटं ५१ सेकंद होती. फरक ३१ मिनिटांचा, म्हणजे बावीस टक्क्यांचा. दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये, गवते यांनी तेच अंतर २ तास ४५ मिनिटं ४८ सेकंदांत कापलं आणि दुसऱ्या आल्या. पहिल्या आलेल्या सुधा सिंग यांनी २:३४:५६ वेळ दिली, तर पुरुषांत पहिल्या आलेल्या नितेंद्र सिंग रावत यांनी २:१५:५२. म्हणजे फरक चौदा टक्क्यांवर आला. दोन वर्षांत बायकांचं शरीर काही बदललं नव्हतं. रस्त्यावर कोण उतरलं आणि तयारी किती होती, हे बदललं होतं. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. परभणीहून जिंतूरला जायचं तर साधारण एवढंच अंतर पडतं. याच्यापेक्षा लांब पल्ल्याची जी कुठली शर्यत असेल तिला अल्ट्रा मॅरेथॉन म्हणतात. ५० किलोमीटर, १०० किलोमीटर, १६१ किलोमीटर म्हणजे शंभर मैल, चोवीस तास, अगदी सहा दिवससुद्धा. आपल्याकडं पुण्याजवळ सिंहगड-राजगड-तोरणा या किल्ल्यांवरून अल्ट्रा होते, लोणावळ्यात होते, आणि मुंबईत शिवाजी पार्कला १५ ऑगस्टच्या सुमारास बारा तासांची दौड असते.

दहा टक्क्यांचा हिशेब

जगातल्या अतिशय वेगवान बायका आणि पुरुष घेऊन बघू. शंभर मीटरला उसेन बोल्टची वेळ ९.५८ सेकंद, फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरची १०.४९. फरक साडेनऊ टक्के. आठशे मीटरला तो बारा टक्क्यांच्या आसपास जातो. मॅरेथॉनला केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोत २:००:३५ वेळ दिली आणि त्याच वर्षी बर्लिनमध्ये टिगस्ट असेफाने २:११:५३. फरक ९.४ टक्के.

आता लांब जाऊ. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची शर्यत आहे. १९२१ साली सुरू झालेली, सुमारे ८८ किलोमीटरची. म्हणजे परभणीहून जिंतूरला पळत जायचं आणि तसंच परत यायचं, तेही चढ-उतारांवरून. भारतातून दरवर्षी शेकडो लोक तिथं पळायला जातात. २०२३ ला पुरुषांत टेटे डिजानाने ५ तास १३ मिनिटं ५८ सेकंद घेतले, महिलांत गर्डा स्टेनने ५ तास ४४ मिनिटं ५४ सेकंद. फरक ३१ मिनिटं, पुन्हा दहा टक्क्यांच्या आतच. अमेरिकेतल्या वेस्टर्न स्टेट्स या शंभर मैलांच्या शर्यतीत जिम वॉल्मस्लीची २०१९ ची वेळ १४:०९:२८, कोर्टनी डॉवॉल्टरची २०२३ ची १५:२९:३३. फरक ९.४ टक्के. त्या दिवशी डॉवॉल्टर सगळ्या स्त्री-पुरुषांत मिळून सहावी आली होती.

शंभर मीटर असो की शंभर मैल, फरक नऊ ते बारा टक्क्यांतच फिरतो. पन्नास टक्के तो कुठंच नाही.

गंमत म्हणजे पोलीस भरतीचा तक्ताही हेच सांगतो. आतापर्यंतच्या तक्त्यात पूर्ण २० गुणांसाठी पोरांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत पळायचं असतं, पोरींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत. पोरांच्या वेळेचं निम्मं केलं तर ८०० मीटरला २ मिनिटं ३५ सेकंद येतात. पोरींना त्यापेक्षा पंधरा सेकंद जास्त, म्हणजे दहा टक्क्यांच्या जवळपास. १६०० मीटर तोच वेग टिकवणं जास्त अवघड असतं, त्यामुळं ही तुलना अगदी काट्यावरची नाही. पण एक दिसतं. वेगाची सवलत दहाच टक्क्यांची ठेवलीय आणि अंतर मात्र सरळ अर्ध्यावर आणलंय. अंतर अर्धं करायला शरीराचं कुठलंच कारण सापडत नाही. नियम करणाऱ्यांनी यावर विचार करायला हरकत नाही.

मग फॉरवर्ड खोटा का?

पूर्ण खोटा नाही. जानेवारी २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये स्पाइन रेस झाली. ४३१ किलोमीटर, ऐन हिवाळ्यात, डोंगरातून, रात्रंदिवस. जास्मिन पॅरिस नावाची बाई सगळ्या पुरुषांना मागं टाकून पहिली आली. ८३ तास १२ मिनिटं. आधीचा विक्रम तिनं बारा तासांनी मोडला. घरी चौदा महिन्यांची लेक होती, म्हणून वाटेतल्या थांब्यांवर ती अंगावरचं दूध काढून ठेवत होती. अमेरिकेत २०१७ ला मोआब २४० मैलांची शर्यत डॉवॉल्टरने जिंकली, दुसऱ्या नंबरच्या पुरुषापेक्षा तब्बल दहा तास आधी.

फॉरवर्ड इथं थांबतो. पुढचं सांगत नाही. स्पाइन रेसचा तो विक्रम २०२४ मध्ये जॅक स्कॉट या पुरुषाने ७२ तास ५५ मिनिटांत मोडला.

दुसरा पुरावा सरासरीचा दिला जातो. २०२० मध्ये ५० लाखांहून जास्त अल्ट्रा निकालांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५ किलोमीटरला बायका पुरुषांपेक्षा सरासरी १८ टक्के हळू होत्या, मॅरेथॉनला ११ टक्के, शंभर मैलांना जवळपास बरोबरीत, आणि १९५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ३१४ किलोमीटरच्या पुढं अर्धा टक्का वेगवान. आकडे खरे आहेत. पण सरासरी कोणाची, हे बघायला पाहिजे.

समजा, शाळेतल्या दोनशे पोरांना सरसकट शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलं आणि पोरींतून फक्त हुशार दहा जणी बसवल्या. पोरींची सरासरी वर येणारच. त्यावरून सगळ्या पोरी पोरांपेक्षा हुशार, असं ठरत नाही. अल्ट्रामध्ये असंच होतं. त्याच अभ्यासात पळणाऱ्यांत बायका फक्त २३ टक्के होत्या. मित्रानं म्हटलं म्हणून तयारीशिवाय नाव घालणारे गडी भरपूर असतात. बाई घरदार, लेकरं, लोकांचं बोलणं हे सगळं पार करून उभ्या राहण्याच्या रेषेवर येते, ती बहुतेक वेळा तयारी करूनच. त्यामुळं सरासरीत बायका पुढं दिसतात, पण सगळ्यात वेगवान पुरुष आणि सगळ्यात वेगवान बाई यांच्यातला फरक तसाच राहतो.

शास्त्रज्ञसुद्धा यात चुकलेत. १९९२ मध्ये ‘नेचर’ या नामांकित नियतकालिकात दोघांनी विक्रमांचा आलेख काढला आणि १९९८ च्या सुमारास मॅरेथॉनमध्ये बायका पुरुषांना गाठतील, असा अंदाज मांडला. तसं झालं नाही. बायकांचे विक्रम तेव्हा भराभर सुधारत होते, कारण त्यांना पळायला मिळायलाच नुकती सुरुवात झाली होती. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत घेतली आणि नंतर बायकांना झेपत नाही म्हणून थेट १९६० पर्यंत बंद ठेवली. महिलांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली १९८४ ला. कॉम्रेड्समध्ये फ्रान्सिस हेवर्ड हिला १९२३ साली प्रवेश नाकारला, तरी ती पळाली आणि ११ तास ३५ मिनिटांत पोचली. नोंद अधिकृत नाही. बायकांना तिथं रीतसर प्रवेश मिळाला १९७५ मध्ये.

शरीरात नेमकं काय होतं

वयात आल्यावर पुरुषांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक खूप वाढतं. त्यानं स्नायू जास्त येतात, हृदय मोठं होतं, रक्तात हिमोग्लोबिन जास्त राहतं. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला हमाल, तो प्राणवायू वाहतो. हमाल जास्त तर माल जास्त. दहा टक्क्यांचा फरक मुख्यतः इथून येतो आणि नुसत्या जिद्दीनं तो पुसला जात नाही.

पण बाईच्या बाजूलाही काही आहे. अंगातला साखरेचा साठा कणगीतल्या धान्यासारखा असतो, पळणाऱ्याचा तो साधारण तीस किलोमीटरला तळाला जातो. चरबीचा साठा मात्र कितीतरी दिवस पुरेल एवढा असतो. सारख्याच जोरानं पळताना बायका पुरुषांपेक्षा जास्त चरबी जाळतात, त्यामुळं साखर पुरवून वापरली जाते. त्यांचे स्नायूही थोडे उशिरा थकतात. तिसरी गोष्ट डोक्याची. अमेरिकेतल्या १४ मॅरेथॉनचे ९० हजारांवर निकाल तपासले, तेव्हा दुसऱ्या अर्ध्यात पुरुष सरासरी १५.६ टक्के मंदावले होते, बायका ११.७ टक्के. गडी सुरुवातीला सुटतो आणि शेवटी चालत येतो, हे गावच्या शर्यतीतही दिसतंच की.

फार लांबच्या पल्ल्यात याचा फायदा दिसायला लागलाय. चोवीस तासांत लिथुआनियाच्या अलेक्सांद्र सोरोकिनने २०२२ मध्ये ३१९ किलोमीटर कापले, अमेरिकेच्या कमिल हेरनने २०१९ मध्ये २७०. हा फरक मोठाच आहे, पंधरा टक्क्यांचा. पण सहा दिवसांच्या शर्यतीत ग्रीसच्या यानिस कुरोसचे २००५ चे १०३६ किलोमीटर, आणि २०२५ मध्ये मेगन एकर्ट या अमेरिकन बाईचे ९७०. फरक साडेसहा टक्क्यांच्या आत. इतक्या लांब पल्ल्यात पळणाऱ्या बायका अजून मोजक्याच आहेत, त्यामुळं हा आकडा आणखी कुठं जाईल हे आजच कोणी ठरवू नये.

आणि लांब अंतराचं म्हणाल तर आपल्या बायाबापड्यांना ते नवं नाही. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या वारीत डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बाईला कोणी अर्ध्या वाटेत थांबवत नाही.

आपल्या पोरींचं खरं अडतं कुठं

आपल्याकडं दहा टक्क्यांचा फरक वीस-बावीस टक्क्यांपर्यंत जातो, त्याची कारणं घरात आणि गावात आहेत. पहिलं कारण रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. हमालच कमी असतील तर सराव कितीही करा, दम लागणारच. पळायला सुरुवात करायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईसाठी ते १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या सुरू करा. लोहाच्या गोळीबरोबर चहा घेऊ नका, लिंबू चालेल.

दुसरं खाणं. पळणाऱ्या पोरीला घरात सगळ्यात शेवटी आणि उरलेलं मिळत असेल तर तिची पाळी लांबते किंवा बंद होते. काही ठिकाणी ‘सराव चांगला चाललाय’ म्हणून त्याकडं दुर्लक्ष करतात. ते चूक आहे. पाळी तीन महिने आली नाही तर हाडं ठिसूळ व्हायला लागतात, लगेच डॉक्टरला दाखवा. भाकरी, डाळ, शेंगदाणे, गूळ, अंडी, दूध, जे घरात आहे ते पोटभर द्या, बाहेरचे महागडे डबे लागत नाहीत.

तिसरं रस्ता. पोरगा पहाटे एकटा हायवेला जातो, पोरीला कोणी सोबत असल्याशिवाय सोडत नाहीत. चार-पाच जणींनी गट केला, एखादी आई किंवा भाऊ सायकलवर बरोबर राहिला, तर हे बऱ्यापैकी सुटतं. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो, त्यामुळं सूर्य वर यायच्या आत सराव संपवा.

८०० मीटरची तयारी करणारीनंसुद्धा आठवड्यातून एकदा गप्पा मारता येतील इतक्या हळू वेगानं ५-६ किलोमीटर पळावं. दम वाढतो, आणि ८०० मीटरच्या शेवटच्या दोनशेत तो कामाला येतो. अंतर एकदम वाढवू नका, आठवड्याला थोडं थोडं.

पुढं कोणाला मोठ्या अंतरात उतरायचं असेल तर मुंबईची पूर्ण मॅरेथॉन अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर पळता येते. कॉम्रेड्ससाठी वय वीस लागतं आणि आधी एक मॅरेथॉन ठरलेल्या वेळेत पूर्ण केलेली असावी लागते. तिथं सुरुवातीची रेषा एक, रस्ता एक आणि शेवटची वेळ बारा तास, पुरुषाला आणि बाईला सारखीच.