दुपारची स्वस्त वीज

आमच्या ओसरीत एका खिळ्याला दोन वेळापत्रकं टांगलेली असायची. एक नमाजच्या वेळांचं आणि दुसरं वर्तमानपत्रातून कापून ठेवलेलं भारनियमनाचं. २००५ नंतरच्या त्या वर्षांत दोन्हींकडे सारखंच लक्ष असे. वीज जायच्या आत पाणी चढवायचं, मिक्सर फिरवायचा, मुलांचा अभ्यास उरकून घ्यायचा. पुढे आपल्याच जिल्ह्यात तिरोड्याला ६६० मेगावॅटचे पाच संच उभे राहिले, राज्यातलं भारनियमनही सरत गेलं आणि ते दुसरं वेळापत्रक खिळ्यावरून उतरलं. आता दारात विजेवर चालणारी स्कूटर आली आहे, आणि मी पुन्हा घड्याळ बघू लागलो आहे.

गाडी चार्जिंगला कधी लावावी, असं कुणालाही विचारा. उत्तर येतं, रात्री. मोबाइलची सवयच तशी आहे. शिवाय परदेशात राहणारा एखादा भाचा सांगतो, मामू, रात्रीची वीज स्वस्त असते. त्याचं तिथलं खरं आहे. इंग्लंडमध्ये १९७८ पासून रात्रीच्या सात तासांसाठी कमी दराची सोय होती. आपल्याकडच्या कारखान्यांनाही बरीच वर्षं रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत सूट मिळत असे. कोळशावरचं वीजकेंद्र म्हणजे काही चूल नव्हे, की पाणी मारलं आणि विझली. गाव झोपलं तरी ते धगधगत ठेवावं लागतं. रात्री मागणी कमी, वीज उरलेली, म्हणून ती स्वस्त.

मग मध्ये सूर्य आला. गेल्या काही वर्षांत सौर वीज इतकी वाढली, की भर दुपारी वीज मुबलक असते आणि कोळशाच्या संचांना आपला भार उतरवावा लागतो. सूर्य मावळला की ती वीज एकदम बंद होते, आणि नेमके त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही लागतात. टंचाई आता संध्याकाळची आहे आणि सुकाळ दुपारचा. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये नियम बदलले, ते हेच ओळखून. सूर्यप्रकाशाच्या आठ तासांत वीज नेहमीच्या दरापेक्षा १० ते २० टक्क्यांनी स्वस्त असावी, असं त्यात म्हटलं आहे. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून, ज्यांच्याकडे वेळेची नोंद ठेवणारं टीओडी मीटर आहे अशा घरगुती ग्राहकांसाठी सवलत जाहीर झाली. सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून पुढच्या वर्षांत १ रुपयापर्यंत. मीटर जुनं असेल तर तुम्ही किती वाजता वीज वापरली हे त्याला कळतच नाही, मग सवलत कसली? त्या नव्या मीटरवरून गावोगावी वाद झाले, पण तो विषय आज नको. आयोगाच्या आदेशांनी दर बदलत असतात, म्हणून आपल्या ताज्या बिलावर ही सवलत वेगळी दाखवली आहे का, ते आधी बघावं.

आता हिशेब. माझ्या स्कूटरची बॅटरी पूर्ण भरायला साडेतीन युनिटं लागतात. घर, कचेरी, बाजार मिळून दिवसाला बारा किलोमीटर, म्हणजे आठवड्यातून एकदा चार्जिंग पुरतं. ते रविवारी दुपारी करतो. वाचतात किती? ८० पैशांच्या दराने दोन रुपये ऐंशी पैसे. घरात यावर पुष्कळ हसून झालं आहे! मोटारीचं गणित मोठं. घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर आठ तासांत साधारण वीस युनिटं भरतात. म्हणजे एका दिवसाचे सोळा रुपये.

ज्याला हे पैसे खरोखर हवेत, तो मात्र वेगळाच आहे. स्टेशनवरून मला घरी सोडणाऱ्या ई-रिक्षावाल्याला मी मोठ्या उत्साहाने दुपारच्या विजेचं सांगायला गेलो. तो म्हणाला, "तुमचं बरं आहे जी, शायरसाहेब. दिवसा गाडी उभी ठेवली त चूल कशी पेटंल?"

मी गप्प झालो. त्याच्या गाडीत शिशाच्या चार बॅटऱ्या. त्या भरायला आठ-दहा तास जातात, वीज रोज सातेक युनिटं. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर १८२ युनिटं. ती सगळी दिवसा भरता आली असती तर जवळपास १४५ रुपये सुटले असते. पण त्याचं खरं दुखणं वेळेचं नाहीच. घराचा वापर ८० युनिटांचा, त्यात ही १८२ मिळवली की बिल २६२ वर जातं. पहिल्या शंभर युनिटांच्या पुढे दर जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे १६२ युनिटं त्या चढ्या दराने. घड्याळ पाहून वाचतील त्याच्या कितीतरी पट पैसे या टप्प्यात जातात. वाहन चार्जिंगसाठी विजेच्या दराचा वेगळा वर्ग आहे आणि त्याकरिता वेगळं मीटर घेता येतं. त्याचा स्थिर आकार किती पडेल हे महावितरणच्या कार्यालयात विचारून, कागदावर मांडून मगच ठरवावं, असं मी त्याला म्हटलं. कागद आणायला तो दुसऱ्या दिवशी घरी आला. आम्ही दोघांनी मिळून त्याच्या सहा महिन्यांच्या बिलांवर आकडेमोड केली. बी.ए.ला माझं गणित नव्हतं, हे त्याला सांगितलं नाही.

त्याच्या मनात लिथियमची बॅटरी घ्यायचं आहे. ती महाग, पण तीन-चार तासांत भरते. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला, की बारा ते चार गोरेलाल चौकातही सवारी मिळत नाही. ते चार तास तसेही बुडतात. तेव्हा गाडी सावलीत लावायची, उन्हातून आलेली बॅटरी अर्धा-पाऊण तास निवू द्यायची, अर्थिंग असलेल्या प्लगलाच वायर जोडायची, एक्स्टेंशन बोर्डाला नाही. चार वाजता, नागपूरकडून येणाऱ्या गाड्यांची सवारी घ्यायला तो पुन्हा स्टेशनवर.