नाशिकची जमीन आणि तांबडी वाइन

आम्ही दारूची तरफदारी करायला उभे नाही. पगाराच्या दिवशी गुत्त्याच्या दाराशी उभे राहून कामगारांना घरी वळवण्यात आमची उमेदीची वर्षे गेली. पण ज्या वस्तूपायी माणसे घाम गाळतात ती कशी घडते, हे जाणून घेणे आम्ही कामगाराचा हक्क मानतो.

आपल्या अंबरनाथचे शिवालय १०६० सालचे. ते ज्या काळ्या पाषाणाचे, त्याच जातीचा दगड झिजून नाशिकची जमीन झाली. मग द्राक्षमळे तिकडे आणि इकडे का नाहीत? कल्याणला गाडी बदलून कसाऱ्याचा घाट चढा. उत्तर अंगालाच लागेल. नाशिक सुमारे ६०० मीटर उंच. हिवाळ्यात हवा कोरडी, दिवसा ऊन, रात्री गारठा. उन्हाने फळात साखर भरते, गारठ्याने आंबटपणा टिकतो. आपल्या दमट हवेत वेलीला बुरशी गाठते.

तांबड्या वाइनचा रंग द्राक्षाच्या सालीत असतो, रसात नव्हे. म्हणून रस सालीसकट आंबवतात. रंगाबरोबर तुरटपणाही उतरतो. भारी काळ्या जमिनीत पाणी धरून राहते, वेल पानांनीच माजते, मणी फुगतो, रस पातळ होतो. मुरमाड उतारावर पाण्याचा निचरा होतो, मणी लहान राहतो, रसाच्या मानाने साल जास्त पडते आणि वाइन गडद होते. फ्रान्सात बोर्डो प्रांतीही जमीन पाहूनच वेल लावतात: खडीच्या जमिनीत काबर्ने, चिकणमातीत मेर्लो.

फरक एवढाच की तिकडे वेल हिवाळ्यात झोपते. नाशकात तेवढी थंडी नाही, म्हणून ती झोपतच नाही. तिला वळण लावायला एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी, अशी दोनदा कात्री चालवावी लागते. जानेवारी ते मार्च खुडणी. ती लांबली तर उन्हाळा आंबटपणा खाऊन टाकतो. म्हणजे तिकडे जे काम ऋतू करतो, त्यातले बरेचसे इकडे मजुराचे हात करतात!

बोर्डोच्या वाइनची प्रतवारी १८५५ साली लागली. तीत मळ्यांची नावे आहेत, खुडणाऱ्याचे एकही नाही. नाशिकचा धंदा त्या मानाने कोवळा: राज्य सरकारचे द्राक्ष-प्रक्रिया धोरण २००१ सालचे. बाटलीवर मातीचे नाव लागते, ते योग्यच. पण मातीचा गुण बाटलीत आणणाऱ्या हातांचा हिशेब मजुरीच्या दरात दिसला पाहिजे. प्रतवारी तिथूनही लावावी, एवढेच आमचे मागणे.