चेंडू आला की मान का वळते?

महिन्यापूर्वी १२ वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर दवाखान्यात आला. उजव्या हाताच्या अनामिकेचे शेवटचे पेर खाली झुकलेले. दुसऱ्या हाताने उचलले की सरळ होई, सोडले की पुन्हा खाली. शाळेच्या बेसबॉल संघात तो खेळतो. सरपटत आलेला चेंडू ऐनवेळी उसळून बोटाच्या टोकावर आदळला. मैदानावर कुणीतरी बोट ओढून 'बसवले', घरी तेल चोळले, आणि त्यात १० दिवस गेले.

पालकहो, बोट ओढून काही बसत नाही. पेर सरळ ठेवणारी दोरीसारखी शीर तुटलेली असते, ओढल्याने ती आणखी दुखावते. वाढत्या वयात हाडालाही इजा झालेली असू शकते, म्हणून एक्स-रे हवाच. हाड जागेवर असेल तर पेर सरळ ठेवणारी पट्टी ६ ते ८ आठवडे रात्रंदिवस लावायची. धुण्यापुसण्यासाठी पट्टी काढली तरी पेर एकदाही वाकू द्यायचे नाही. वाकले तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. (माझी स्वतःची करंगळी आजही वाकडी आहे. क्रिकेट खेळताना आम्हीही बोटे ओढूनच घेत होतो.)

"डॉक्टर, याचा खेळच बंद करतो," वडील म्हणाले. मुलाचे डोळे भरले. मी म्हटले, "थांबा, आधी मैदान पाहू."

बेसबॉलचा चेंडू साधारण १४५ ग्रॅमचा, कातडी आणि टणक. फलंदाज पहिल्या तळावर पोहोचायच्या आत तो उचलून फेकायचा, म्हणून सगळी घाई. मुले गुडघे ताठ ठेवून नुसती कमरेत वाकत होती. चेंडू जवळ आला की मान वळे, डोळे मिटत. मग हात अंदाजाने पुढे जाई, बोटे थेट चेंडूकडे रोखलेली. मार बसतो तो इथे. सर ओरडत होते, "घाबरू नकोस!" पण डोळे मिटणे ही शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे. ती ओरडून थांबत नाही, सवयीने कमी होते.

सरांनी माझे ऐकून घेतले, हा त्यांचा मोठेपणा. टणक चेंडू बाजूला ठेवून टेनिसचा चेंडू आणला. मुलांना गुडघ्यांवर बसवून, ग्लोव्हशिवाय, पाच-सहा पावलांवरून चेंडू हळू सरपटवला. लागला तरी दुखत नाही हे कळल्यावर माना आपोआप सरळ राहू लागल्या. मग उभे राहून: पाय खांद्यांपेक्षा जास्त फाकवायचे, गुडघे वाकवून बूड खाली न्यायचे, हात पावलांच्या पुढे. हात पायांखाली गेले तर चेंडू शेवटच्या क्षणी दिसत नाही. ग्लोव्ह आधीच जमिनीला टेकवायचा, कारण चेंडू उसळला तर हात वर नेणे सोपे, खाली नेणे अवघड. दुसरा हात ग्लोव्हच्या वर, मगरीच्या जबड्यासारखा उघडा. त्याची बोटे चेंडूकडे कधीच रोखायची नाहीत. टणक चेंडू सर्वांत शेवटी, तोही आधी हातानेच सरपटवून.

सरावाआधी १० मिनिटे मैदानावरचे खडे वेचायचे, हेही ठरले. निम्म्या उसळ्या त्या खड्यांमुळेच होत्या, असे मला वाटते.

मुलाची पट्टी निघायला अजून तीन आठवडे आहेत. तोवर तो रोज मैदानावर जातो, खडे वेचतो आणि डाव्या हाताने लहान मुलांना टेनिसचा चेंडू सरपटवतो. वडील कुंपणाशी उभे असतात.