जुगार सोडणाऱ्यांची बैठक कुठे भरते?

दारू सोडवायची असेल तर बिदर जिल्ह्यात रस्ता विचारत फिरावं लागत नाही. पंढरीची माळ आहे. धर्मस्थळाच्या ग्रामविकास योजनेशी जोडलेल्या जनजागृती वेदिकेची मद्यवर्जन शिबिरं आहेत, आणि शिबिर आटोपलं की सोडलेल्यांची नवजीवन समिती बसते. जुगाराचं नाव काढा, मग बघा. भालकी असो, औराद असो की पलीकडचं आळंद, सल्ला ठरलेला: लग्न लावून द्या, अंगावर जबाबदारी पडली की सुटेल. लग्न झालेलं असेल तर एकदा सगळं देणं फेडा आणि देवापुढं शपथ घ्यायला लावा.

माझ्या थोरल्या चुलतभावाचं हे दोन्ही करून झालं होतं. घर शेतीचं. सोयाबीन-तुरीचा पैसा आडतीवरून एकरकमी हातात येणारं. मटक्याच्या चिठ्ठीनं सुरुवात झाली, मग मोबाईलवरची रमी, मग आयपीएलचा सट्टा. काकांनी देणं फेडलं, तेही एकदा नव्हे. प्रत्येक वेळी दादा खरोखर रडला, आणि प्रत्येक वेळी पाटी कोरी झाल्याबरोबर बाजारात त्याची पतही परत आली. उसनं द्यायला माणसं पुन्हा तयार. दारुड्याच्या तोंडाला वास तरी येतो. जुगारी माणूस इस्त्रीचा शर्ट घालून तुमच्या शेजारी बसून चहा पितो, आणि त्याचा सातबारा गहाण पडलाय हे तुम्हाला कळत नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा आला आणि पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. घरच्यांना वाटलं, सुटलो. रमी थांबली आणि दादा पुन्हा आकड्याकडं वळला. मुंबईत कापसाच्या भावांवर सुरू झालेला हा मटका साठ वर्षं पोलिसांना पुरून उरलाय. कायद्यानं दुकान बंद होतं, गिऱ्हाईक बरं होत नाही.

शेवटी वहिनींनी 14416 लावला. ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन, ऑक्टोबर 2022 पासूनची. सुरुवातीला भाषा निवडायची असते, आणि यादीत मराठीही आहे. पलीकडच्या बाईंनी किती हरला हे विचारलंच नाही. आधी विचारलं, ‘ते जीव द्यायची भाषा करतात का?’ वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘विहिरीकडं जातो म्हणाले होते.’ त्यानंतरचं बोलणं सावकाश, पण नेमकं झालं: रात्री एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरात ठेवू नका, जिल्ह्याच्या दवाखान्यात मानसोपचार विभागात घेऊन जा. बिदरला ब्रिम्स आहे, कलबुर्गीला जिम्स. शिवाय कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ योजनेखाली तालुक्याच्या दवाखान्यात मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी ठेवलेली असते. आधी चौकशी करून जावं.

डॉक्टरांनी हा आजार आहे हे सांगितलं, तेव्हा काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत जुगाराचं व्यसन दारूच्याच प्रकरणात आहे, हे त्यांना पटायला वेळ लागला. झोपेचं आणि उदासीचं औषध सुरू झालं. पण संध्याकाळी आकडा फुटायच्या वेळेला गोळी काय करणार? त्या वेळेला माणूस लागतो, आणि तोही त्याच वाटेनं गेलेला.

अशा माणसांचं संघटन आहे: गॅम्ब्लर्स अनॉनिमस. दारूवाल्यांचं अल्कोहोलिक्स अनॉनिमस 1935 मध्ये सुरू झालं, त्याच धर्तीवर 13 सप्टेंबर 1957 ला लॉस एंजेलिसमध्ये याची पहिली बैठक भरली. त्यांचे 20 प्रश्न आहेत. हरल्यावर लगेच परत जाऊन भरून काढावंसं वाटतं का? देणं फेडायला जुगार खेळलात का? काही विकलंत का? जुगाराचा पैसा घरखर्चाला काढताना जिवावर येतं का? सात ‘हो’ आले तरी सावध व्हायचं. दवाखान्याच्या ओट्यावर बसून दादा एकेक प्रश्न ऐकत होता. सातानंतर त्यानं मोजणं सोडलं. ‘हे कुणी लिहिलंय? माझ्यावर पाळत ठेवून लिहिल्यासारखं आहे,’ म्हणाला.

आमच्या भागात मराठीतून किंवा कन्नडमधून अशी बैठक आम्हाला सापडली नाही. सापडली ती हिंदीतली, मोबाईलवरची, बाहेरच्यालाही बसू देणारी. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला, कॅमेरा बंद. आडनाव सांगायचं नाही. एक जण पुस्तिकेतून थोडं वाचतो, मग आळीपाळीनं बोलायचं. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. शुल्क नाही, ऐच्छिक वर्गणी तेवढी. तिथं ऐकलेलं तिथंच ठेवायचं असतं, म्हणून इतरांचं मी लिहीत नाही. दादा आपल्या बिदरी हिंदीत दोन वाक्यं बोलला, तर कुणीतरी विचारलं, ‘हैदराबाद से हो क्या भाई?’ कित्येक महिन्यांनी तो हसला. शेवटी एकाने नंबर दिला: हात शिवशिवला तर आकडा लावायच्या आधी फोन कर, नंतर नको.

या संघटनेची मला सगळ्यात पटलेली रीत मात्र हिशेबाची आहे. काही आठवड्यांनी जुने सभासद नवरा-बायकोला समोर बसवून सगळ्या देण्याची यादी करायला लावतात. एकही नाव लपवायचं नाही. दादाच्या वहीत सोसायटी, आडत, मेव्हणा, सोनं गहाण, मायक्रोफायनान्स, आणि तळाशी वहिनींच्या बचत गटातून काढलेली रक्कम होती. ती ओळ आली तशा वहिनी उठून आत गेल्या. थोड्या वेळानं चष्मा लावून आल्या आणि म्हणाल्या, ‘वाचा पुढं, भावजी.’

आधी घरखर्च बाजूला, मग उरलेल्यातून प्रत्येकाला थोडं थोडं. एटीएम कार्ड आणि यूपीआय वहिनींकडं. आणि कुणीही, बापानंसुद्धा, एकदम फेडून टाकायचं नाही. काकांना हा उपाय निर्दयी वाटला. माझ्या मते आजवरची त्यांची दयाच जास्त महाग पडली होती. वसुलीवाले दारात येऊन धमकावतील ही भीती होती, पण छोट्या कर्जांच्या जबरी वसुलीविरुद्ध कर्नाटकानं 2025 मध्ये कायदा केलाय. तक्रार पोलिसांत करता येते.

दादा अजून बैठकीला बसतो. मध्यंतरी एकदा घसरलाही, आणि पुढच्याच बैठकीत ते स्वतः सांगितलं. पूर्वी असं काही कळायचं ते सावकाराकडून.

हे वाचणाऱ्यांत कुणी आकडा सोडून बसलेला असेल, तर त्याला एकच सांगणं. अशा गटाला इमारत लागत नाही, फी लागत नाही. जुगार सोडायची इच्छा असलेली दोन-तीन माणसं पुरतात. देवळाचा ओटा, शाळेची खोली, काहीही चालेल, आणि बोलणं आपल्या भाषेत. तोवर 14416 चोवीस तास चालू आहे, मोफत.